छोट्या खाऱ्या टाकीची वाळू कोणाच्या हवाली करावी

रत्नागिरीत आमच्या घरी अडीच वर्षांपासून खाऱ्या पाण्याची एक छोटी टाकी आहे. लांबी २ फूट, रुंदी १ फूट आणि उंची सव्वा फूट असल्यामुळे काठोकाठ भरली तरी तिच्यात ७० लिटरच पाणी मावते, आणि वाळू व दगडांनी व्यापलेली जागा वजा केली तर प्रत्यक्षात ५५ लिटरच्या आसपास उरते. हॅचरीत जन्मलेले दोन क्लाउनफिश, सिरॅमिकचे दगड आणि तळाशी तीन-चार सेंटीमीटर जाडीचा बारीक वाळूचा थर, एवढाच तिचा संसार. या वाळूवर माशांची विष्ठा आणि उरलेले खाणे साचते, त्यावर तपकिरी साय धरते आणि पांढरीशुभ्र घातलेली वाळू महिन्याभरात मळकट दिसू लागते. म्हणून दुकानदार ‘क्लीनिंग क्रू’ या नावाने वाळू साफ करणारे प्राणी विकतात. त्यांतले चार प्रकार मी मुंबई-पुण्याच्या तीन दुकानांतून मागवले, पाचवा एका मित्राच्या टाकीत जवळून पाहिला. काही उत्तम जगले, एक माझ्या देखत उपाशी मेला, आणि तो केवळ माझ्या अज्ञानामुळे मेला याचे मला अजूनही वाईट वाटते. नव्याने टाकी लावणाऱ्यांच्या हातून तसे होऊ नये, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगतो. एवढ्या लहान टाकीसाठी नासारियस आणि सेरिथ हे दोन जातींचे शंख घ्यावेत, तेही मोजके. आणि दुकानात ज्यांची सर्वांत जास्त शिफारस होते तो वाळूतला तारामासा आणि वाळू गाळणारा गोबी मासा, हे दोन्ही घेऊ नयेत. प्राणी किती वाळू उपसतो हे पाहून निवड करणे चुकीचे आहे. आपली वाळू त्याला पोसू शकते का, हे आधी पाहावे लागते. जुन्या, नीट बसलेल्या टाकीतली चमचाभर वाळू भिंगाखाली धरली तर तिच्यात केसासारखे बारीक किडे, टुणटुण उड्या मारणारे कोपेपॉड आणि इतर सूक्ष्म जीव दिसतात, आणि खाली पडलेल्या अन्नाचा मोठा वाटा हेच जीव फस्त करतात. वाळू साफ करणारा म्हणून आणलेला प्राणी जर मळाऐवजी या जिवांवरच जगणारा असेल, तर वाळू चार दिवस चकचकीत दिसते, पुढे निर्जीव होते आणि शेवटी तो प्राणीही उपाशी पडतो.

नासारियसपासून सुरुवात करतो, कारण माझ्या टाकीत सर्वांत मोलाचा प्राणी तोच ठरला. शंख जेमतेम दीड सेंटीमीटरचा, गडद करड्या रंगाचा, आणि दिवसातला बहुतेक वेळ तो वाळूत पूर्ण गाडलेला असतो. नीट पाहिले तर वाळूतून वर आलेली एक बारीक सोंड तेवढी दिसते. ती त्याची नळी असून तिच्यातून तो पाणी आत घेतो आणि त्या पाण्यातला वास हुंगतो. मिरकरवाडा बंदरावरून आणलेल्या ताज्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा मी आठवड्यातून दोनदा टाकीत सोडतो. तुकडा तळाला टेकल्यानंतर पहिले काही क्षण काहीच होत नाही. मग एक सोंड वळते, मग दुसरी, आणि अर्धा मिनिट व्हायच्या आत चारी बाजूंनी वाळू फुगून फुटू लागते आणि सहाच्या सहा शंख आपला रुंद पाय पसरत, एरवी ज्याची कल्पनाही येणार नाही अशा वेगाने तुकड्याकडे धावतात. आमच्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मासे बघण्यापेक्षा हे बघणे जास्त आवडले आहे.

त्यांच्या या ये-जा करण्यामुळे वाळूचा वरचा थर सतत हलत राहतो, त्यात पाणी खेळते आणि खाली पडलेले मांसयुक्त अन्न, क्वचित दगडामागे मेलेला एखादा जीवही, कुजण्याआधी संपतो. मात्र नासारियस शेवाळ खात नाही, हे घेणाऱ्याने पक्के लक्षात ठेवले पाहिजे. तो मुळात मेलेल्यावर जगणारा आहे. काच हिरवी झाली किंवा वाळूवर तपकिरी साय आली म्हणून नासारियस आणला तर निराशा होईल, आणि टाकी फार स्वच्छ ठेवून मासेही बेताने खाऊ घातले जात असतील तर शंख उपाशी राहतील. अशा टाकीत त्यांच्यासाठी वेगळे अन्न टाकावेच लागते. पहिल्या दुकानाने मला एवढ्या टाकीसाठी पंधरा नग घ्यायला सांगितले होते. मी दहा घेतले आणि तेही जास्त झाले. दोन चौरस फुटांच्या तळाला पाच-सहा पुरतात.

तपकिरी साय खाणारा शंख म्हणजे सेरिथ. लांबट, टोकदार, पेचदार मनोऱ्यासारखा हा शंख दिसायला साधा आहे आणि दिवसा तो फारसा दिसतही नाही, पण रात्री विजेरी घेऊन पाहिले तर वाळूच्या पृष्ठभागावरून, दगडांच्या बुडाशी आणि काचेच्या खालच्या कडेला तो सावकाश चरत असतो. वाळू आणि काच जिथे मिळतात तिथे साचणारी हिरवी-तपकिरी रेघ आमच्या टाकीतून सेरिथ आल्यानंतर तीन आठवड्यांत नाहीशी झाली. ती रेघ मला पूर्वी जुन्या दात घासायच्या ब्रशने काढावी लागे आणि दर वेळी वाळू ढवळून पाणी गढूळ होई. हा शंख विष्ठा आणि शेवाळाचे कण खातो, उलटा पडला तर बहुधा स्वतः सरळ होतो, आणि काचेवर दोऱ्यासारखी नागमोडी अंडीही घालतो. ती अंडी पाहून कोणी घाबरून खरवडू नयेत. त्यांतून निघणारी पिल्ले फिल्टर आणि मासे यांच्या तावडीतून क्वचितच वाचतात, त्यामुळे टाकी शंखांनी भरून जाण्याची भीती नाही. माझ्याकडे पाच सेरिथ आहेत आणि दीड वर्षात एकही दगावलेला नाही. किंमत, टिकाऊपणा आणि काम या तिन्ही बाबतींत माझा पहिला कौल सेरिथला. नासारियस दुसरा असला तरी दोघे मिळून घेतले तरच काम पूर्ण होते.

आता तारामाशाविषयी. हा आपल्या किनाऱ्याला अनोळखी नाही. रापण ओढल्यावर मासळी वेगळी करताना जाळ्याबाहेर टाकलेल्या कचऱ्यात याच कुळातले, कडेला काटेरी झालर असलेले चपटे तारामासे पुष्कळदा पडलेले दिसतात. दुकानदाराने मला तो सहा शंखांच्या किमतीला दिला आणि म्हणाला, “साहेब, हा एकटा सगळी वाळू साफ ठेवील, दुसरं काही घ्यायची गरजच नाही.” पहिला महिना ते अगदी खरे वाटले. संध्याकाळी दिवा मंद झाला की वाळूखालून पाच टोकांची एक उंचवटी सरकत जाई आणि तिच्या मागे वाळू नुकत्याच चाळलेल्या रव्यासारखी मोकळी दिसे.

या तारामाशाच्या पायांना इतर तारामाशांसारख्या चकत्या नसतात, ते टोकदार असतात, त्यामुळे तो वाळूत झपाट्याने शिरतो पण काचेवर चढून दुसरीकडे अन्न शोधू शकत नाही. त्याचे खाणे म्हणजे वाळूतले बारीक शिंपले, शंख आणि किडे. ते तो अख्खे गिळतो. समुद्रात त्याला हिंडायला अमर्याद तळ असतो. माझ्या टाकीत होते दोन चौरस फूट, आणि ते त्याने पाच-सहा आठवड्यांत रिकामे केले. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस भिंगाखालच्या चमचाभर वाळूत एकही किडा हलताना दिसेना, दोन लहान नासारियसही नाहीसे झाले होते. मी त्याच्या अंगाखाली कोळंबीचे आणि शिंपल्याच्या मांसाचे तुकडे सरकवू लागलो. काही त्याने घेतले, बरेचसे सोडून दिले. चौथ्या महिन्यात एका भुजेचे टोक पांढरट आणि मऊ पडले, चार दिवसांनी ते गळून गेले, मग दुसरे. भुजा टोकाकडून विरत जाणे हे उपासमारीचे नेहमीचे लक्षण आहे, हे मला नंतर कळले. माझ्या मते शंभर लिटरच्या आतल्या टाकीसाठी हा प्राणी विकूच नये, आणि विकत असतील तर घेऊ नये. त्याच्याहून बऱ्याच मोठ्या, निदान वर्षभर जुन्या आणि जाड वाळूच्या टाकीतही त्याला वेगळे खाऊ घालण्याची तयारी हवी.

डायमंड गोबी माझ्या मित्राकडे होता, तीन फुटी टाकीत. नारिंगी ठिपक्यांचा हा देखणा मासा तोंडभर वाळू उचलतो, कल्ल्यांमधून चाळतो, खाण्याजोगे तेवढे ठेवतो आणि बाकीची वाळू झरझर सोडून देतो. वाळू इतकी पांढरी ठेवणारा दुसरा प्राणी मी पाहिलेला नाही. पण तोही वाळूतल्या जिवांवरच जगतो, दुष्काळाची गोष्ट इथेही तीच, आणि मासा असल्यामुळे त्याची भूक जास्त तीव्र. दिवसातून दोन-तीन वेळा तळाशी बुडणारे अन्न दिले नाही तर त्याचे पोट खपाटीला जाते. शिवाय तो दगडांखालून वाळू उपसून दगड अस्थिर करतो, आणि झाकण नसलेल्या टाकीतून उडी मारतो. मित्राचा गोबी असाच एका सकाळी फरशीवर सापडला. सत्तर लिटरमध्ये याचा विचारही करू नये.

रिकाम्या शंखात घर करणाऱ्या शंखखेकड्यांबद्दल थोडक्यात सांगतो. ते मेहनती आहेत, फटीत अडकलेले अन्न काढून खातात, पण मोठे झाले की त्यांना मोठा शंख लागतो आणि तो रिकामा मिळाला नाही तर जिवंत शंखाला मारून मिळवतात. वेगवेगळ्या मापांचे रिकामे शंख टाकीत टाकून ठेवले तर हा प्रकार कमी होतो, थांबत नाही. माझ्याकडच्या दोनांनी तीन नासारियस संपवल्यावर मी ते दुकानाला परत दिले.

समुद्रकाकडीचा विषय मात्र गंभीर आहे. परदेशी माहितीत वाळू साफ करणारा उत्तम प्राणी म्हणून तिचे नाव हमखास येते आणि ते वाचून आपल्याकडेही लोक तिची चौकशी करतात. भारतात सर्व जातींच्या समुद्रकाकड्या २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तिला पकडणे, विकणे आणि बाळगणे हा गुन्हा आहे, मग ती जाळ्यात आपोआप आलेली असो वा ओहोटीला खडकात सापडलेली. एका दुकानाने मला ती ‘मागवून देऊ’ असे सांगितले, तेव्हापासून मी त्या दुकानातून काहीच घेत नाही. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी छोट्या टाकीत ती ठेवणे धोक्याचे आहे, कारण घाबरल्यावर किंवा पंपात अडकून जखमी झाल्यावर काही जाती पाण्यात विषारी द्रव्य सोडतात आणि ५५ लिटर पाण्यातले मासे त्याने मरू शकतात.

समुद्र दहा मिनिटांवर असताना शंख विकत का घ्यायचे, हा प्रश्न मला कोकणातल्या जवळपास प्रत्येकाने विचारला आहे. ओहोटीला आरे-वाऱ्याच्या खडकांत शंखांचे थवे असतात हे खरे, पण त्यांतला कोणता चरणारा आणि कोणता शिकारी, हे ओळखण्याइतका माझा अभ्यास नाही, आणि दुसऱ्या शंखाला भोक पाडून खाणारा एखादा शिकारी टाकीत आला तर बाकीचे शंख संपायला वेळ लागत नाही. शंकूच्या आकाराच्या शंखांचा तर डंख विषारी असतो. ते उघड्या हाताने उचलूही नयेत. मालवणच्या सागरी अभयारण्यात, जे १९८७ मध्ये जाहीर झाले, असे काही गोळा करण्याचा प्रश्नच येत नाही. किनाऱ्यावरचे जीव ओळखायला शिकायचे असेल, तर रत्नागिरीतल्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय आणि संग्रहालय मुलांना घेऊन पाहण्यासारखे आहे. मी तिथे तीनदा गेलो आहे.

वाळूच्या बाबतीतही हाच मोह होतो. मांडवी आणि भाट्याच्या किनाऱ्यावरच्या वाळूत जे काळे पट्टे दिसतात ते इल्मेनाइटसारख्या जड खनिजांचे असतात आणि त्यांतले काही कण चुंबकाला चिकटतात. टाकीची काच पुसायला आपण जे चुंबकाचे जोडपुसणे वापरतो, त्याच्या आतल्या तुकड्याला हे कण चिकटले की काचेवर कायमचे ओरखडे उठतात; माझ्या टाकीच्या उजव्या कोपऱ्यात तसे दोन आहेत, कारण सुरुवातीला मी दोन मुठी किनाऱ्याची वाळू मिसळली होती. शंखांना गाडून घेता येईल अशी, साखरेच्या दाण्याएवढी बारीक अरॅगोनाइटची (चुनखडीच्या जातीच्या खनिजाची) वाळू विकत घ्यावी. प्रवाळाचा जाड चुरा घातला तर नासारियस त्यात नीट शिरू शकत नाही आणि सगळी घाण दाण्यांच्या मधल्या पोकळीत जाऊन बसते.

दुकानांच्या सेवेबद्दल. तिघांपैकी एकानेच शंख नीट पाठवले: दोन पिशव्यांत, थोडे पाणी आणि भरपूर हवा ठेवून, थर्माकोलच्या खोक्यात, रात्रीच्या बसने. दुसऱ्याकडून आलेल्या दहा नासारियसपैकी तीन मेलेले निघाले, आणि तक्रार केल्यावर “टाकीत सोडा, उठतील” असे उत्तर मिळाले. मेलेला शंख टाकीत सोडणे फार महागात पडते, कारण एवढ्या थोड्या पाण्यात एका शंखाच्या कुजण्यानेही अमोनिया चढतो. म्हणून पिशवी उघडल्यावर प्रत्येक शंख नाकाशी धरून पाहावा. मेलेल्याची दुर्गंधी लगेच कळते, जिवंताला समुद्राचाच वास असतो. मग पाण्याची घनता, म्हणजे खारेपणाचे माप, मोजावी. दुकानातले पाणी बरेचदा १.०२० च्या आसपास असते आणि आपले १.०२५, हा फरक माशाला सोसतो, शंखाला एकदम सोसत नाही. हवेच्या पंपाच्या नळीला सैल गाठ मारून टाकीतले पाणी थेंबथेंब पिशवीत सोडत मी दीड ते दोन तास घालवतो आणि शेवटी पिशवीतले पाणी फेकून फक्त शंख आत ठेवतो. विकत घेण्याआधी एक प्रश्न जरूर विचारावा: ज्या टाकीतून शंख देत आहात तिच्यात माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरचे तांब्याचे औषध कधी टाकले होते का? तांबे शंखांना अत्यल्प प्रमाणातही मारते. या प्रश्नाला सरळ उत्तर देणारे दुकान सहसा बाकीच्या बाबतींतही विश्वासाचे असते.

इथे हेही सांगितले पाहिजे की कोणताही प्राणी वाळूतला मळ नाहीसा करत नाही. तो खातो आणि त्याचीही विष्ठा होते. आठवड्याला पाच-सहा लिटर पाणी बदलताना नळीचे तोंड वाळूच्या किंचित वर धरून पृष्ठभागावरचा गाळ ओढून घेणे, हे काम आपलेच राहते. वाळूवर लालसर-जांभळा, बुळबुळीत, चादरीसारखा उचलला जाणारा थर आला, तर तो खाणारा प्राणी दुकानात शोधू नये. तिथे पाण्याचा प्रवाह वाढवावा आणि खाणे कमी करावे.

कोकणात राहणाऱ्यांसाठी नासारियसचा आणखी एक उपयोग आहे. गेल्या जूनमध्ये पहिल्याच वादळी पावसात रात्री अकराला वीज गेली; पंप बंद, फिल्टर बंद. पहाटे तीनच्या सुमारास विजेरी मारली तेव्हा मासे अजून शांत होते, पण सहाही नासारियस वाळू सोडून काचेवर पाण्याच्या रेषेपर्यंत चढलेले होते. पाण्यातला प्राणवायू आटू लागला की आधी वाळूत गुदमरायला होते, आणि एरवी दिवसभर गाडून घेणारे हे शंख सगळेच्या सगळे वर आले तर ती सूचना मानावी. त्या रात्री बॅटरीवर चालणारा हवेचा पंप लावला आणि अर्ध्या-पाऊण तासात पहिला शंख खाली उतरून वाळूत शिरला.

मागवण्याचा हंगामही जपावा. एप्रिल-मेच्या उष्म्यात खोके बसच्या डिकीत तापते, आणि जुलैत घाटात दरड कोसळली की रात्रीचे पार्सल दुसऱ्या संध्याकाळी पोहोचते; माझे तीन शंख मेले ते अशाच एका खेपेला. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मागवलेले सगळे जिवंत आले. पुढची खेप मी दिवाळीनंतर मागवणार आहे, चार सेरिथची, आणि तीही ज्याने शंख नीट पाठवले त्याच दुकानातून.